कुर्त्याखालचं पिस्तूल

मागच्या वर्षीची रमजान ईदची नमाज माझी पूर्ण झाली नाही. दुसऱ्या रकातीच्या पहिल्या सजद्यात मी स्वतःच ती तोडली.

मशीद भरलेली होती. कॉलरीतले, चुनाभट्ट्यांवरचे, पोटापाण्यासाठी वणी-चंद्रपूरला गेलेले, सगळे त्या सकाळी राजूरला असतात. पुढच्या सफेत माझा मामेभाऊ उभा होता, माझ्या उजव्या हाताला माझा नऊ वर्षांचा मुलगा. मामेभाऊ सजद्यात गेला तसा त्याचा नवा कुर्ता कमरेवरून वर सरकला आणि पाठीमागे पायजम्याच्या नेफ्यात खोचलेली एक काळी वस्तू सतरंजीवर घसरली. सतरंजी जाड होती, आवाज झाला नाही. वस्तू येऊन पडली ती माझ्या मुलाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर.

लहान मुलं सजद्यात डोळे उघडेच ठेवतात. त्याने ती पाहिली आणि हात पुढे केला. तो घाबरला नव्हता, खोडीही काढत नव्हता. कुणाची टोपी पडली, तसबीह पडली तर उचलून द्यायची, हे आम्हीच त्याला शिकवलं आहे. त्याची बोटं पिस्तुलाच्या मुठीला टेकली तेव्हा मी त्याचं मनगट पकडलं. दुसऱ्या हाताने खांद्यावरचा रुमाल काढून त्या वस्तूवर टाकला. इमामसाहेबांची तकबीर झाली, सगळी मशीद सजद्यातून उठली, पुन्हा सजद्यात गेली. मी रुमालावर हात ठेवून बसून होतो.

आम्ही हनफी. आमच्याकडे ईदची नमाज सुटली तर एकट्याने तिची कजा नसते. गेली ती गेली. जिवाला धोका असेल तर नमाज तोडण्याची मुभा आहे, त्यामुळे तिचा मला पस्तावा नाही. पस्तावा आहे तो दुसऱ्या गोष्टीचा.

त्या पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज मी लिहिला होता.

आमच्याकडे मास्तर म्हणजे गावाचा अर्जनवीस. घरात उर्दू, शाळेत उर्दू-मराठी दोन्ही, आणि कचेरीत सगळा कारभार मराठीत. त्यामुळे रेशनकार्डावरचं नाव, वारसाची नोंद, विहिरीचं अनुदान, सगळे कागद माझ्याकडे येतात. मामेभावाचे चार ट्रक आहेत. ड्रायव्हर-क्लीनरचे पगार, डिझेल, टायर यांची रोकड घेऊन तो महिनाअखेरीला रात्री वणीहून यायचा. एकदा दोघांनी मोटारसायकल आडवी घातली. बॅग गेली, डोक्याला सात टाके पडले. महिनाभर तो रात्री झोपेतून दचकून उठायचा, असं भाभी सांगायच्या.

मग मी जिल्हादंडाधिकारी, यवतमाळ यांच्या नावाने अर्ज लिहिला. 'जीवितास व मालमत्तेस गंभीर धोका', 'स्वसंरक्षणार्थ', 'कुटुंबातील एकमेव कमावता' अशी वाक्यं. लिहिण्यात मी कसर ठेवली नाही. पोलीस चौकशी झाली, बऱ्याच महिन्यांनी परवाना आला, पेढे आले. अर्ज जमला म्हणून मी मनातून खूश होतो. हत्यार कुठे ठेवणार, कसं बाळगणार, घरात मुलं किती, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा कागद फाइलला लागतो, तो होता. त्याची झेरॉक्स मीच जोडली होती.

ईदच्या संध्याकाळी तो घरी आला. सकाळी वजूखान्याजवळ मी रुमालासकट ते त्याच्या हाती दिलं होतं आणि त्याने माझ्यासमोरच पुन्हा तिथेच, नेफ्यात, खोचलं होतं.

"भाई, लॉक है. कुछ नहीं होता," तो म्हणाला.

मी मुलांना शेजारी पाठवलं, खोलीचं दार लावलं आणि म्हणालो, खाली करून दाखव. त्याने सराईतपणे मुठीच्या बुडातून मॅगझिन काढलं, पलंगावर ठेवलं. "लो, हो गया खाली."

कॉलेजात मी एनसीसीत होतो. फायरिंग रेंजवर .२२ची रायफल चालवली आहे, पिस्तूल कधीच नाही. पण उस्तादांची एक सवय डोक्यात राहिली. फायर संपलं की ते प्रत्येकाच्या रायफलचा बोल्ट उघडायला लावून आत डोकावून पाहत. "खाली है" असं कुणी म्हटलं तर चिडत. म्हणत, म्हणू नका, दाखवा. म्हणून मी मामेभावाला म्हणालो, वरचा भाग मागे ओढ. नळी भिंतीच्या कोपऱ्याकडे धर आणि ओढ.

त्याने ओढला. एक काडतूस टुणकन उडालं आणि गादीवर पडलं.

आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. महिनाअखेरीच्या कुठल्या तरी रात्री भीतीपोटी त्याने काडतूस नळीत चढवलं होतं आणि नंतर तो ते विसरला होता. किती दिवस, किती आठवडे, त्यालाही सांगता येईना. तेवढे दिवस ते त्याच्या पाठीशी होतं, उशीखाली होतं, बाइकवर होतं, आणि सकाळी माझ्या मुलाच्या कपाळासमोर होतं. सेफ्टीची कळ वर म्हणजे बंद की खाली म्हणजे बंद, हेही त्याने खात्रीने सांगितलं नाही.

ज्यांनी हे हत्यार कधी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खासगी माणसाला आपल्याकडे ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही, तो निषिद्ध बोअर आहे. म्हणून परवान्यावर दिसतं ते बहुतेक .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हरला फिरतं चाक असतं, त्यातली काडतुसं दिसतात, मोजता येतात. पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात. वरची स्लाइड ओढून सोडली की सर्वांत वरचं काडतूस नळीच्या बुडाशी, चेंबरमध्ये, जाऊन बसतं. आता मॅगझिन काढलं तरी ते एक तिथेच राहतं आणि चाप ओढला तर बऱ्याच पिस्तुलांतून ते सुटतं. हातात मॅगझिन आलं की माणसाला वाटतं, काम झालं. ज्याला 'साफ करताना गोळी सुटली' म्हणतात, त्यातले कितीतरी अपघात या एका विसरलेल्या काडतुसाचे असतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. नळी सुरक्षित दिशेला. बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, मग उजेडात चेंबरमध्ये डोळ्याने पाहायचं आणि करंगळीने चाचपायचं. क्रम उलटा झाला, आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं त्याच्या जागी जाऊन बसतं. माणूस बाहेर पडलेलं काडतूस पाहून निर्धास्त होतो.

मामेभाऊ म्हणाला, "आपल्यासारख्यांनाच कळत नाही, मोठ्या लोकांचं बरं असतं." मी त्याला गोविंदाची आठवण दिली. १ ऑक्टोबर २०२४ची पहाट. अभिनेते गोविंदा मुंबईच्या घरातून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटलं, गोळी सुटली आणि पायात शिरली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. समोर शत्रू नव्हता, भांडण नव्हतं. जीव वाचला. पण बातमी वाचताना मला वाटलं होतं, त्या वेळी खोलीत एखादं मूल असतं तर?

जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेलं असतं. हत्यार घोड्यावर आपटलं की तो धक्काच काडतूस फोडू शकतो. म्हणून जुने जाणते सहा घरांपैकी घोड्याखालचं घर रिकामं ठेवत, पाचच काडतुसं भरत. नव्या बनावटीत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आडपट्टी असते. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ठोका बसत नाही. पण आपल्या हातातलं हत्यार जुनं आहे की नवं, त्यात ती पट्टी आहे की नाही, ती झिजली आहे का, हे बाळगणाऱ्याला माहीत हवं. आणि हत्यार हातातून निसटलंच तर ते झेलायला जाऊ नये. पडू द्यावं. झेलताना बोट नेमकं चापात जातं.

हत्यार झाकून बाळगण्याचे धोके वेगळे आहेत आणि आपल्या कपड्यांमुळे ते वाढतात. नेफा म्हणजे होल्स्टर नव्हे. त्यात चाप उघडा राहतो. नाड्याची गाठ, कुर्त्याचा काठ, खिशातली किल्ली, काहीही चापाच्या कडीत अडकू शकतं. पुढे पोटाशी खोचलं तर बसल्यावर नळी मांडीच्या मुळाकडे येते. तिथून मोठी रक्तवाहिनी जाते. ती फुटली तर राजूरहून वणी गाठेपर्यंत माणूस उरेल का, हे सांगता येत नाही. पाठीमागे खोचलं तर काय होतं ते आम्ही ईदला पाहिलं. होल्स्टर कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं हवं, मजबूत पट्ट्याला बांधलेलं हवं. ओणवं झालं, पळालं, पडलं तरी हत्यार जागचं हलता कामा नये. बाहेर काढताना अपघात होतात, त्याहून परत ठेवताना होतात, कारण तेव्हा घाई असते आणि कापडाचा चुरगळा आत गेलेला कळत नाही. परत ठेवण्याची कसलीच घाई नसते. थांबून, पाहून, कुर्ता बाजूला धरून ठेवावं. आणि ज्याचा रोजचा सराव नाही त्याने चेंबर रिकामंच ठेवावं.

जेफ कूपर नावाच्या माजी अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने चार नियम रूढ केले, ते जगभरच्या नेमबाजांना पाठ असतात. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरून वागावं. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नये. निशाणा धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावं. निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्ही पाहावं. मामेभावाला मी ते एका कागदावर उर्दूत लिहून दिले. तो वाचून म्हणाला, "ये सब अंग्रेजों की बातें हैं."

मग मी त्याला आपल्या घरातल्या गोष्टी सांगितल्या. सहीह बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही शिकवण आहे. हजरत पैगंबरांनी (स.) सांगितलं की, बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने बाणांची टोकं हाताने धरून ठेवावीत, कुणाला ओरखडा येऊ नये म्हणून. मी ही हदीस लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ मला ईदच्या दिवशी कळला. मशीद आणि बाजार. जिथे खांद्याला खांदा लागतो त्या दोन जागा. आणि ज्याच्याकडे बाण आहेत त्यानेच टोक आपल्या हातात घ्यायचं. लागलं तर त्याच्या तळव्याला लागेल, शेजाऱ्याला नाही. दुसरी शिकवण अशी की, आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये, गंमत म्हणूनही नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही. सैतान हात ओढील आणि घात होईल. तिसरी, उपसलेली तलवार एकमेकांच्या हातात देण्याची मनाई. नळी, चाप, चेंबर यांचा शोध लागण्याच्या कितीतरी शतकं आधी हे सांगून झालं आहे.

मामेभाऊही मदरशात शिकलेला. त्याने सूरह निसामधली ती आयत काढली, भीतीच्या वेळची नमाज, ज्यात हत्यार बाळगून नमाज पढण्याचा उल्लेख आहे. म्हणाला, "नमाज में हथियार तो कुरआन में है, भाई."

आहे. पण ती आयत रणांगणावरची आहे. तिथे अर्धे लोक नमाज पढत असतात आणि अर्धे पहाऱ्यावर उभे असतात. कुणाकडे काय आहे हे सगळ्यांना दिसत असतं. राजूरच्या मशिदीत त्या सकाळी कुणाचा पहारा होता? कुणाला माहीत होतं? शेजारच्या माणसाच्या हातात उघडी तलवार असेल तर मी माझ्या मुलाला चार पावलं लांब घेईन. तलवार झाकली तर माझी ती संधी जाते. झाकून हत्यार बाळगणारा माणूस भोवतीच्या सगळ्यांच्या वतीने सावध राहण्याचं काम एकट्याच्या अंगावर घेतो, त्यांना न विचारता. त्याला याची जाणीव नसेल, तर झाकलेलं हत्यार उघड्यापेक्षा वाईट.

कायद्यालाही हे कळलेलं दिसतं. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ साली नवे शस्त्र नियम आले. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा हवा, असं त्यात आहे. आम्ही 'झाकलेलं' तेवढं वाचतो, 'ताबा' सोडून देतो. शिवाय खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजच्या आवारात ते नेता येत नाही, ही परवान्याचीच अट असते. ईदची जमात म्हणजे जमाव नाही तर काय? अर्ज लिहिणाऱ्याने, म्हणजे मी, परवान्यावरच्या अटी वाचल्याच नव्हत्या. २०१९च्या दुरुस्तीने तर लग्नात-मिरवणुकीत हर्षाने गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे.

आणखी एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, कारण ती आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात येते. मशिदीत, ईदच्या दिवशी, सतरंजीवर पिस्तूल. कुणी मोबाइलने तेवढं टिपलं असतं तर? परवाना आहे, माणूस ट्रकवाला आहे, त्याला लुटलं होतं, हे सांगायला कुणी थांबलं असतं का? मी रुमाल टाकला तो मुलासाठी, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगायचं तर थोडा मशिदीसाठीही टाकला. एका माणसाच्या नेफ्यातल्या ढिलाईचा हिशेब सगळ्या गावाला द्यावा लागला असता. हे न्याय्य नाही. पण ते आहे, आणि बाळगणाऱ्याने तेही ध्यानात घ्यावं.

त्या रात्री आणखी एक धक्का बसायचा होता. मुलाला जवळ घेऊन मी समजावत होतो, असली वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, लांब जायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. तो म्हणाला, "अब्बा, वो तो चाचू के कपाट में रहती है. रजाई के पीछे. चाबी घड़ी के ऊपर."

त्याला कुणी सांगितलं? मामेभावाच्या मुलाने. दोघांनी मिळून पाहिलं होतं. हातातही घेतलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत.

म्हणजे ज्या वस्तूपासून तिला लपवायचं, तिलाच ती कुठे आहे हे माहीत, अशी आमची लपवणूक. मोठ्यांना वाटतं रजईमागे ठेवलं म्हणजे ठेवलं. घरातलं मूल दिवसभर घरात असतं, त्याला प्रत्येक किल्लीची जागा ठाऊक असते. ८ फेब्रुवारी २०२४ला दहिसरला अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना हत्या झाली. ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या त्याचा परवाना मारणाऱ्याच्या नावावर नव्हताच, तो त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. पुढे त्या अंगरक्षकालाही अटक झाली. परवाना एका नावाचा असतो. हत्यार ज्याच्या हाती लागेल त्याचं होतं. त्याच्या सहाच दिवस आधी उल्हासनगरला तर पोलीस ठाण्याच्या आतच गोळीबार झाला होता. राग आला तेव्हा हत्यार हाताशी होतं.

माझे अब्बा राजूरच्या खाणीत शॉटफायरर होते. कोळशाच्या भिंतीला भोकं पाडून त्यात बारूद भरायची आणि उडवायची, हे त्यांचं काम. खाणीत बारूद आणि डिटोनेटर कधीच एकत्र ठेवत नाहीत, एकत्र नेतही नाहीत. स्फोट करणाऱ्या यंत्राला एक काढता येणारी चावी असते. ती शॉटफायररने स्वतःजवळ ठेवायची, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही. सगळे आडोशाला गेल्याची खात्री झाल्यावरच ती यंत्रात घालायची, स्फोट झाला की काढून पुन्हा खिशात. अब्बा रिटायर झाल्यावरही बसल्या बसल्या कुर्त्याचा उजवा खिसा चाचपायचे. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "बारूद से डरना नहीं, मगर भूलना भी नहीं."

इतकी वर्षं त्यांनी बारूद हाताळली, त्यांच्या हातून कुणाला ओरखडा आला नाही. ते काही फार शूर नव्हते, विसरत नव्हते एवढंच. आमच्याच घरातल्या पुढच्या पिढीने पिस्तूल घेतलं आणि चेंबरमधलं काडतूस विसरली.

हे सगळं मी मामेभावाला एका दमात ऐकवलं असं नाही. आठवडाभर आमचं बोलणं चाललं, मध्ये दोन दिवस अबोलाही झाला. "तुला लुटलं नाही म्हणून तू बोलतोस," असं तो म्हणाला, आणि ते खरं आहे. डोक्याला सात टाके त्याला पडले आहेत, मला नाही. त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही. मी त्याला एवढंच विचारलं, नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीला तुझं हत्यार पोलीस ठाण्यात जमा होतं. तेवढे दिवस तू काय केलंस?

तो विचार करून म्हणाला, रोकड आणली नाही. पगार फोनवरून खात्यात टाकले. डिझेलचं पंपावर उधार ठेवलं, दिवसा जाऊन दिलं. रात्रीचा एकटा आलो नाही, ट्रकबरोबर आलो.

"मग निवडणूक संपल्यावर पुन्हा रोकड कशाला सुरू केलीस?"

"हत्यार वापस मिला ना," तो म्हणाला. आणि स्वतःच गप्प झाला.

त्याने परवाना परत केला नाही. मीही तसा आग्रह धरला नाही. तो निर्णय त्याचा आहे. पण रजईमागची जागा गेली. भिंतीत बोल्टने बसवलेली पोलादी पेटी आली, आकड्यांच्या कुलपाची. काडतुसं वेगळ्या कपाटात. चाप झाकणारं होल्स्टर आणि रुंद पट्टा आला. पगार आता खात्यातच जातात. हत्यार बाहेर निघतं ते क्वचित, आणि निघण्याआधी व आल्यानंतर तो चेंबर उघडून पाहतो, मोठ्याने "खाली" म्हणतो. शेजारच्या खोलीतून भाभी "सुना" म्हणतात. ही पद्धत त्यांची त्यांनीच काढली. लग्न, जनाजा, जुमा, ईद आणि शाळेचं गॅदरिंग या पाच ठिकाणी ते घरून निघतच नाही.

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज कधीतरी माझ्याकडे येईल. आता मुदत पाच वर्षांची आहे. तो मी लिहीन, पण या वेळी आधी प्रश्न विचारीन. गावात ज्यांची लेखणी चालते त्या सगळ्यांना माझी हीच विनंती आहे. 'जीवितास धोका' हे शब्द लिहिण्याआधी अर्जदाराला विचारा: घरात मुलं किती, पेटी कुठे बसवणार, आणि या हत्यारावाचून भागेल असा रस्ता तू एकदा तरी चालून पाहिलास का?

बकरी ईदला आम्ही पुन्हा त्याच मशिदीत होतो. मामेभाऊ पुढच्या सफेत जाऊन उभा राहिला. माझा मुलगा त्याच्या मागच्या जागेवर यायला तयार होईना. माझा हात सोडवून तो माझ्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. मामेभावाने मागे वळून पाहिलं. त्याला कळलं. तो सफ सोडून आला, मुलासमोर उकिडवा बसला, कुर्ता दोन्ही हातांनी कमरेच्या वर उचलला आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. नेफ्यात काही नव्हतं. नाड्याची गाठ तेवढी दिसत होती. आजूबाजूचे दोन-तीन जण हसले.

मुलाने पाहिलं, मान हलवली. पण जागा बदलली नाही. मीही त्याला सांगितलं नाही. तकबीर झाली आणि आम्ही हात बांधले.